पोस्त आणि हक्क
नीरेच्या कालव्यावरील श्रमिक आणि कायदा

दिवाळी आली म्हणजे आपल्या घरोघर एक लहानसा व्यवहार होत असतो. टपालवाला, कचरा नेणारा, भांडीं घासणारी बाई अशीं माणसें दाराशीं येऊन उभीं राहतात आणि घरधनीण त्यांच्या हातावर चार पैसे व फराळाचें पुडकें ठेवते. ह्यास आपण पोस्त म्हणतों. देणाऱ्यास देण्याचें समाधान मिळतें, घेणाऱ्याचा सण गोड होतो. तेव्हां ही चाल वाईट आहे असें कोण म्हणेल? परंतु पोस्तीचीं कांहीं लक्षणें ध्यानांत घेण्यासारखीं आहेत. ती मागावी लागते. ती किती द्यावयाची हें देणारा ठरवितो. आणि ती न दिल्यास घेणाऱ्यास दाद मागण्याची जागा नसते. ह्याच्या उलट, त्याच आठवड्यांत कारखान्यांतला कामगार जो बोनस घेतो तो मोजून घेतो, त्यापुढें सही करतो, व तो न मिळाल्यास कोर्टाची पायरी चढूं शकतो. दोन्ही पैसे एकाच सणाचे. पण एकांत दया आहे व दुसऱ्यांत हक्क आहे. दयेपासून हक्कापर्यंतची ही वाट श्रमिकांनीं कशी कापिली, ती कोठवर पोंचली आणि कोठें अडून राहिली, ह्याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों. हा विचार केवळ हवेंत राहूं नये म्हणून पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे दोन तालुके आम्हीं दृष्टीपुढें ठेविले आहेत.

हेच तालुके कां, असें वाचक विचारतील. त्याचें कारण असें कीं, मजुरीचे जेवढे म्हणून प्रकार महाराष्ट्रांत आढळतात ते बहुतेक सारे ह्या टापूंत एकमेकांच्या शेजारीं नांदत आले आहेत. पडक्या वाड्याच्या सांवलींतला सालगडी, दुष्काळी कामावरचा खडी फोडणारा, साखर कारखान्यांतला कायम व हंगामी नोकर, औद्योगिक वसाहतींतला यंत्रावरचा तरुण, आणि मराठवाड्यांतून कोयता घेऊन येणारें ऊसतोड जोडपें, अशीं सर्व माणसें येथें थोडक्या कोसांच्या आंत पाहावयास मिळतात. कायद्याचा हात ह्यांपैकीं कोणापर्यंत पोंचतो व कोणापर्यंत पोंचत नाहीं, ह्याची परीक्षा करण्यास ह्याहून सोईचें क्षेत्र मिळणें कठिण.

नोकराच्या म्हातारपणाची व आजारपणाची जबाबदारी धन्यानें घ्यावी ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. शुक्रनीतींत चाळीस वर्षें सेवा केलेल्या नोकरास अर्धा पगार जन्मभर द्यावा असें सांगितलें आहे. सालाच्या पगाराचा आठवा भाग बक्षीस म्हणून द्यावा असाहि उपदेश त्यांत आहे. ह्या ग्रंथाच्या काळाविषयीं विद्वानांत मतभेद असले तरी विचार आपल्या मातींतला आहे ह्यांत शंका नाहीं. मराठेशाहींत लढाईंत कामास आलेल्या शिपायाच्या मुलाबाळांस बालपरवेशी म्हणून नेमणूक करून देण्याचा प्रघात होता. गांवगाड्यांत बलुतेदाराला खळ्यावर वांटा मिळे. सालगड्याला ठरलेल्या पैशांखेरीज धान्य, वहाणा, घोंगडें व सणाचें जेवण मिळे, आणि पाडव्याला साल भरलें कीं बोलणें नव्यानें होई. गुऱ्हाळावर राबणाऱ्यास पोटभर रस व घरीं नेण्यास गूळ मिळे.

परंतु ह्या सर्व गोष्टींच्या मुळाशीं एक तर राजाची मर्जी असे, नाहीं तर गांवाचा रिवाज. बारामतीचेंच उदाहरण घ्यावयाचें तर कविवर्य मोरोपंत (१७२९ ते १७९४) ह्यांचें आयुष्य तेथें नाइकांच्या आश्रयास गेलें. आश्रयदाता रसिक व उदार मिळाला म्हणून पंतांची कऱ्हेकांठची लेखणी निश्चिंतपणें चालली. हें मराठी वाङ्मयाचें भाग्य होय. पण भाग्याला कायदा म्हणतां येत नाहीं. धनी चांगला मिळाला तर म्हातारपण सुखाचें, वाईट मिळाला तर नशीब, हीच त्या काळची रीत होती. रिवाजांत एक गुण मात्र होता. बलुतें मिळणें हा गांवांत मान्य झालेला वांटा होता, ती भीक नव्हती. नव्या काळांत जेव्हां बलुतें गेलें व रोजंदारी आली तेव्हां जुना वांटा बुडाला आणि नवा हक्क अजून जन्मास यावयाचा होता. मधल्या काळांत मजूर अगदीं उघडा पडला.

हें उघडें पडणें कसलें होतें तें ह्या तालुक्यांनीं १८७६-७७ च्या दुष्काळांत पाहिलें. नीरेचा डावा कालवा, ज्यानें पुढें ह्या प्रदेशाचें रूप पालटलें, तो त्याच दुष्काळांत दुष्काळी काम म्हणून सुरू झाला. पोटासाठीं आलेल्या माणसांनीं पाट्या वाहिल्या व माती खोदली. सर रिचर्ड टेंपल ह्यांच्या धोरणानुसार मजुरीचा हिशेब रत्तलभर धान्याच्या किंमतीच्या आसपास आणण्यांत आला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्याविरुद्ध सरकारकडे जोरदार लिखाण केलें. त्या मजुरांच्या आजारपणाला, अपघाताला किंवा बाळंतपणाला कायद्यांत कसलेंहि नांव नव्हतें. पुढें १८८५ च्या सुमारास कालव्याला पाणी सुटलें, १९२८ च्या सुमारास भाटघरचें मोठें धरण पुरें झालें, आणि ज्या जमिनींत बाजरीचें कणीस दृष्टीस पडणें मुष्किलीचें होतें तेथें ऊस उभा राहिला. ज्यांनीं कालवा खणला त्यांचीं नांवें कोणत्याहि दप्तरांत राहिलीं नाहींत. ह्या लेखाच्या शेवटीं आम्हांला पुन्हां एका अशाच निनांवी समुदायाविषयीं बोलावें लागणार आहे, म्हणून ही गोष्ट येथें नमूद करून ठेवितों.

कायद्याची पहिली मागणी मात्र शेतावरून आली नाहीं. ती मुंबईच्या गिरणींतून आली, आणि ती करणारा मनुष्य मूळचा पुणें जिल्ह्यांतील कन्हेरसरच्या घराण्यांतला होता. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व 'दीनबंधु' पत्राचे चालक. १८८१ सालीं फॅक्टरींचा पहिला कायदा झाला, परंतु तो वाफेच्या किंवा दुसऱ्या यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या व शंभर माणसें असलेल्या कारखान्यांपुरता होता, आणि त्यानें लहान मुलांपलीकडे फारसें कोणाकडे पाहिलें नाहीं. १८८४ च्या सप्टेंबरांत लोखंड्यांच्या पुढाकारानें गिरणीकामगारांच्या सभा भरल्या व सुमारें साडेपांच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. आठवड्यास एक सुट्टी, दुपारीं अर्धा तास विसांवा, सकाळीं साडेसहा ते सूर्यास्त एवढेंच काम, पगार ठरल्या दिवशीं, ह्या मागण्या तर त्यांत होत्याच. पण आमच्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची मागणी शेवटची होय. काम करतांना ज्यास दुखापत होईल त्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो जन्माचा अपंग होईल त्याच्या पोटाची तजवीज व्हावी, असें त्या अर्जांत म्हटलें होतें. ही पोस्त नव्हे. ही आधुनिक अर्थानें हक्काची मागणी आहे. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुट्टी मान्य केली. अपघाताची मागणी मान्य होण्यास मात्र १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा यावा लागला; म्हणजे एकुणचाळीस वर्षें लागलीं. तेवढ्या अवधींत किती हात व किती पाय यंत्रांत गेले असतील ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

बोनसची कथा ह्याहून बोधप्रद आहे. पहिल्या महायुद्धांत गिरण्यांस अलोट नफा झाला व मालकांनीं कामगारांस बोनस दिला. कांहीं वर्षें तो मिळत गेल्यावर १९२३ च्या नफ्यावरचा बोनस देण्याचें मालकांनीं नाकारलें, आणि १९२४ च्या आरंभीं मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड ह्यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें असा निकाल दिला कीं, कामगारांस बोनसवर रूढीचा, कायद्याचा किंवा न्यायबुद्धीचा कोणताच हक्क पोंचत नाहीं. म्हणजे, आमच्या भाषेंत, ती केवळ पोस्त होती. संप मोडला. परंतु प्रश्न मोडला नाहीं. पुढें न्यायाधिकरणांच्या निवाड्यांतून बोनसला हळूहळू हक्काचें रूप येत गेलें आणि १९६५ सालीं बोनसचा स्वतंत्र कायदा झाला. आरंभीं किमान चार टक्के, व पुढें किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाकांठीं सुमारें एका महिन्याचा पगार, असें प्रमाण ठरलें. समितीनें ज्याला हक्क नाहीं म्हणून सांगितलें त्याचा हक्क व्हावयास एकेचाळीस वर्षें पुरलीं.

स्त्रियांच्या बाबतींत मुंबई इलाख्यानें सर्व हिंदुस्थानच्या आधीं पाऊल टाकलें, ही अभिमानाची गोष्ट आहे. नारायण मल्हार जोशी ह्यांनीं १९२४ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत आणलेलें प्रसूतिविषयक बिल पार पडलें नाहीं. पण मुंबईच्या कौन्सिलांत तशाच बिलावर जुलै १९२८ मध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं पाठिंब्याचें भाषण केलें. बाळंतपणापूर्वीं व नंतर स्त्रीला विश्रांति मिळणें ही राष्ट्राच्या हिताची गोष्ट आहे, म्हणून तिचा मोठा भार सरकारनें उचलावा हें उचित. तथापि जो मालक तिच्या श्रमाचा लाभ घेतो तोहि ह्या भारांतून मोकळा राहूं शकत नाहीं, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. १९२९ सालीं मुंबईचा प्रसूति-लाभ कायदा मंजूर झाला. हें तत्त्व वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवावें: श्रमाचा लाभ जो घेतो तो श्रमिकाच्या शरीराच्या जबाबदारीचा वांटेकरी होतो. पुढील सर्व विचार ह्याच तत्त्वाभोंवतीं फिरणार आहे.

आतां आपण पुन्हां नीरेकांठीं येऊं. १९३२ सालीं देशी साखरेला जकातीचें संरक्षण मिळालें आणि दख्खनच्या कालव्यांवर साखर कारखाने उभे राहूं लागले. इंदापूर तालुक्यांतील कळंब गांवच्या माळावर शेठ वालचंद हिराचंद ह्यांनीं ऊसमळा व कारखाना उभारला आणि त्या वसाहतीस वालचंदनगर हें नांव मिळालें. माळावर चाळी, शाळा, दवाखाना व रस्ते झाले. जेथें कायदा फारसा पोंचला नव्हता तेथें उद्योजकाच्या दूरदृष्टीनें कांहीं सोई आल्या, हें न्यायानें कबूल केलें पाहिजे. पण त्याच सुमारास कायद्यानें एक भेद असा केला कीं त्याचे परिणाम ह्या टापूला अजून भोगावे लागत आहेत. १९३४ च्या फॅक्टरी कायद्यानें कारखान्यांचे दोन वर्ग पाडले: बारमाही आणि हंगामी. बारमाही कारखान्यांत आठवड्यास ५४ तास, हंगामी कारखान्यांत ६०. कापूस पिंजण्याच्या व दाबण्याच्या कारखान्यांबरोबर, चहा-कॉफीबरोबर, साखर व गूळ हे हंगामी वर्गांत घातले गेले. ऊस हंगामांत गाळावा लागतो हें निसर्गाचें सत्य; पण माणसाचें पोट हंगामी नसतें हेंहि निसर्गाचेंच सत्य आहे, व तें कायद्याच्या पुस्तकांत लिहावयाचें राहिलें.

१९४२ ते १९४६ ह्या काळांत डॉ. आंबेडकर मध्यवर्ती सरकारांत मजूर खात्याचे सभासद होते. पगारी सुट्ट्या, कामाचे कमी तास, आरोग्यविमा ह्या गोष्टींना त्या वर्षांत चालना मिळाली. आरोग्यविम्याची योजना आंखण्याचें काम प्रा. आडारकर ह्यांजकडे सोंपविण्यांत आलें व १९४४ सालीं त्यांनीं आपला अहवाल दिला. त्यांतून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा जन्मला. त्याच वर्षीं नवा फॅक्टरी कायदा झाला. त्यानें आठवड्याचे ४८ तास ठरविले, बारमाही व हंगामी हा तासांचा भेद पुसला, मोठ्या कारखान्यांत उपाहारगृह व पाळणाघर सक्तीचें केलें. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या ४२ व्या अनुच्छेदानें कामाच्या न्याय्य परिस्थितीची व प्रसूति-साहाय्याची तरतूद करण्याचें राज्यास मार्गदर्शन केलें. एवढें झाल्यावर हंगामी शब्दाचें भूत उतरलें असें वाटावें. पण तें एका दारानें गेलें व दुसऱ्या दारानें परत आलें. विमा कायद्यानें हंगामी कारखाने वगळले, व त्यांच्या यादींत साखर व गूळ होतेच. पगारी रजेसाठीं वर्षांत २४० दिवसांचें काम ही अट आली. आणि गळीत हंगाम चालतो चार-पांच महिने!

पुढें सहकाराचें युग आलें. लोणी येथील पहिल्या सहकारी कारखान्याचें यश पाहून पन्नास-साठच्या दशकांत बारामती तालुक्यांत माळेगांव व सोमेश्वर, आणि इंदापूर तालुक्यांत भवानीनगरचा छत्रपति असे कारखाने शेतकऱ्यांनीं उभारले. ज्या दिवशीं गव्हाणींत मोळी पडे तो दिवस गांवच्या सणासारखा असे. आतां धनी कोणी परका शेठ नव्हता. शेअर घेतलेला शेतकरी स्वतःच धनी झाला, आणि त्याच्याच घरचा मुलगा कारखान्यांत नोकरीस लागला. १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधि कायद्याखालीं १९५६ सालीं साखर उद्योग आला. आरंभीं मालकाची वर्गणी सव्वासहा टक्के, म्हणजे जुन्या हिशेबानें रुपयामागें एक आणा होती; ती वाढत वाढत बारा टक्क्यांवर गेली. हा आणा लहान दिसतो, पण ह्या भागांतील कित्येक घरांची कौलें, मुलींचीं लग्नें व मुलांचें शिक्षण त्याच आण्यावर झालें आहे.

१९७२ च्या ग्रॅच्युइटीच्या कायद्यानें निवृत्त होणाऱ्यास दर वर्षाच्या नोकरीमागें पंधरा दिवसांचा पगार ठरविला. हंगामी संस्थेंतील हंगामी नोकरास मात्र दर हंगामामागें सात दिवस. तीस वर्षें नोकरी केलेल्या कायम नोकरास ह्या हिशेबानें ४५० दिवसांचा पगार मिळतो. त्याच बॉयलरशेजारीं तीस हंगाम घाम गाळलेल्या हंगामी नोकरास २१० दिवसांचा. त्यानें वर्षाचा थोडाच भाग काम केलें हें खरें. परंतु उरलेल्या महिन्यांत त्याला दुसरें कायम काम धरतां येत नाहीं, कारण पुढच्या हंगामीं त्यानें परत यावें हीच कारखान्याची अपेक्षा असते. ही अडचण ओळखूनच निवाड्यांनीं व करारांनीं साखर उद्योगांत रिटेन्शन भत्त्याची चाल पाडली. बंद हंगामांत पगाराचा ठराविक अंश द्यावयाचा व त्याच्या बदल्यांत माणूस राखून ठेवावयाचा, अशी ती योजना आहे. सहकारांत धनी आपलाच माणूस असला म्हणजे कायद्याची गरज उरत नाहीं, असा समज पुष्कळांचा होता. भाव कमी मिळाला, साखर पडून राहिली, कीं आपल्या माणसाचाहि हात आंखडतो. त्या वेळीं कराराचा कागद व कायद्याचें कलमच कामास येतें, हा अनुभव राज्यभरच्या कामगारांस आला आहे.

साखरेखेरीज दुसरे उद्योगहि आले. बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत तीनचाकी गाड्यांपासून दुधाच्या पदार्थांपर्यंत नाना वस्तु तयार होऊं लागल्या. वस्त्रोद्योगाच्या संकुलांत स्त्रिया मोठ्या संख्येनें शिवणयंत्रावर बसल्या. बारमाही कारखान्यांतल्या ह्या नोकरांस, नांव हजेरीपटावर असेल तर, निधि, बोनस, विमा, २६ आठवड्यांची प्रसूतिरजा हे लाभ कायद्यानें मिळतात. कंत्राटदाराच्या पटावरचा माणूस तेंच काम करूनहि पुष्कळदां मागें राहतो. तथापि त्याच्यासाठीं निदान १९७० च्या कंत्राटी कामगारांच्या कायद्यानें मूळ मालकाकडे बोट दाखविण्याची सोय केली होती.

आतां आम्ही त्या निनांवी समुदायाकडे येतों. दसरा उलटला कीं बीड, आष्टी, पाटोदा, पाथर्डी ह्या बाजूंनीं ट्रॅक्टर व बैलगाड्या नीरेच्या खोऱ्याकडे वळतात. त्यांत नवरा-बायको, कडेवरचें मूल, भांडीं, कोयते, एखादी शेळी असा सारा संसार असतो. मुकादमानें पावसाळ्यांत उचल दिलेली असते. ती फेडीपर्यंत हात बांधलेले. ह्या धंद्यांत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोन माणसें, चार हात, आणि हिशेबांत नांव एकाचें! पहाटेच्या काळोखांत फडांत शिरावयाचें, ऊस तोडून वाढें बाजूला काढावयाचें, मोळ्या बांधावयाच्या, डोक्यावर वाहून गाडी भरावयाची, आणि रात्रीं कोपींत परत यावयाचें. आजारानें एक दिवस गेला तर खाडा पडतो, आणि बहुतेक ठिकाणीं खाड्याचे पैसे कापले जातात. कारखान्याच्या आंतल्या माणसास आजारपणाची रजा आहे. त्याच कारखान्याला ऊस पुरविणाऱ्या बाईला आजारपणाचा दंड आहे.

प्रसूतीच्या कायद्यापुढें ह्या बाईची जी स्थिति होते ती विचार करण्यासारखी आहे. १९६१ च्या कायद्यानें, त्यांत पुढें झालेल्या दुरुस्तीनंतर, बाळंतपणापूर्वीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलेलें असणें पुरे मानलें. ऊसतोड करणारी स्त्री एका हंगामांत ऐंशी दिवसांहून कितीतरी अधिक राबते. अट ती केव्हांच पुरी करते. पण तिनें काम केलें हें सांगणारा हजेरीपट जगांत कोठें नाहीं. कायदा तिच्या विरुद्ध नाहीं. कायद्याला ती दिसतच नाहीं. न दिसण्याचे परिणाम किती भयंकर होतात हें २०१९ सालीं उघडकीस आलें. डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीच्या पाहणींत बीड जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ स्त्रियांचें गर्भाशय काढण्यांत आलेलें आढळलें. म्हणजे सहांपैकीं एकीचें. त्याचीं कारणें अनेक असतील. पण जिला रजा नाहीं, दवाखाना जवळ नाहीं व खाड्याची धास्ती आहे, तिला दुखणें मुळासकट काढून टाकणें हाच उपाय वाटूं लागला, ह्यांत काय नवल!

येथें कारखान्यांच्या बाजूनें अशी शंका घेण्यांत येते कीं, हीं माणसें आमचीं नोकर नव्हत. करार मुकादमाशीं किंवा तोडणी-वाहतूक संस्थेशीं असतो, ऊस शेतकऱ्याचा असतो, आणि तोडणीचा खर्च अखेर उसाच्या भावांतूनच जातो. शेतकरी म्हणतो, तोडणारी टोळी कारखाना पाठवितो, मी तिला ओळखतहि नाहीं. मुकादम म्हणतो, मी तर स्वतःच उचलीच्या कर्जांत बुडालों आहें. तिघांचेंहि म्हणणें अंशतः खरें आहे, व म्हणूनच प्रश्न सुटत नाहीं. धनी तीन झाले कीं जबाबदारीला एकहि उरत नाहीं. परंतु १९२८ च्या त्या भाषणांतील कसोटी येथें लावून पाहावी. श्रमाचा लाभ कोण घेतो? ऊस फडांतून गव्हाणींत पडल्याशिवाय ज्यांचें चाक फिरत नाहीं ते सर्व घेतात. मग भारहि त्या सर्वांनीं मिळून उचलावयास नको काय?

अनेक धनी असले म्हणजे कायदा करतांच येत नाहीं हें म्हणणें महाराष्ट्रानें स्वतःच खोटें ठरविलें आहे. बाजारांतल्या हमालाला एक धनी कधींच नव्हता. सकाळीं ह्या अडत्याचें पोतें, दुपारीं त्याचें. अण्णासाहेब पाटील प्रभृतींच्या चळवळीनंतर १९६९ सालीं माथाडी कामगारांचा कायदा झाला. त्यानें मंडळ नेमलें, मालक व हमाल दोघांचीहि नोंद केली, आणि मजुरीबरोबर ठराविक लेव्ही मंडळाकडे भरावयाची असा नियम घातला. त्या लेव्हींतून निधि, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा ह्यांची व्यवस्था झाली. धनी शंभर असोत, हमालाचें खातें एक. ऊसतोडीला ही रीत लावणें तर अधिकच सोपें आहे; कारण उसाची मोळी न् मोळी कारखान्याच्या वजनकाट्यावरून जाते. काट्यावर टनाचा आंकडा उमटतो, गाडीचा नंबर उमटतो, शेतकऱ्याचें नांव उमटतें. उमटत नाहीं तें एकच नांव, तोडणाऱ्या नवरा-बायकोचें. तें उमटलें कीं हजेरीपट आपोआप तयार होईल.

ह्या दिशेनें कांहींच झालें नाहीं असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नांवानें ऊसतोड कामगारांचें कल्याण महामंडळ स्थापन झालें. कारखान्यांनीं टनामागें दहा रुपये द्यावे व तितकेच शासनानें घालावे असें ठरलें. मुलांसाठीं वसतिगृहांची योजना निघाली. तोडणीच्या दरांत लवादानें २०२० सालीं १४ टक्के व २०२४ च्या आरंभीं ३४ टक्के वाढ केली. दर वाढला हें चांगलेंच; पण दर म्हणजे मजुरी, लाभ नव्हे. मजुरी धडधाकट दिवसाची असते. लाभ आजारी दिवसाचा, बाळंतपणाचा व म्हातारपणाचा असतो. आणि महामंडळ जें देतें तें योजनेंतून देतें. योजना ही सरकारी पोस्त आहे. ती वाढूं शकते, आटूं शकते, व तिच्यासाठीं कोर्टांत जातां येत नाहीं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशांत चार नव्या कामगार संहिता अंमलांत आल्या, आणि ज्या कायद्यांचा उल्लेख आम्हीं वर केला त्यांतील बहुतेक त्यांत विलीन झाले. पगारी रजेची अट २४० दिवसांवरून १८० वर आली. पण गळीत हंगाम १८० दिवसहि क्वचितच चालतो. हंगामी नोकराचे सात दिवस सातच राहिले. विम्याच्या प्रकरणांत हंगामी कारखाना पूर्वींप्रमाणेंच बाहेर राहिला. असंघटित मजुरांसाठीं नोंदणी व योजना ह्यांचें स्वतंत्र प्रकरण आलें आहे; तें कागदावरून फडापर्यंत कसें पोंचतें हें पुढील हंगाम दाखवितील.

नीरेच्या कालव्याचें पाणी वांटतांना एक जुनी तक्रार नेहमीं ऐकूं येते. शिरावरच्या शेताला पाळी भरपूर मिळते, आणि शेपटाकडच्या इंदापुराला पाणी येईपर्यंत पाट कोरडा पडतो. त्यावर उपाय म्हणून कोणी कालवा बुजवा असें म्हणत नाहीं. दारें नीट लावा, मोजमाप ठेवा व पाळी शेपटापासून सुरू करा, असेंच जाणते लोक म्हणतात. कायद्याचेंहि तसेंच आहे. लोखंड्यांच्या अर्जापासून आजपर्यंत जें मिळालें तें फुकट मिळालेलें नाहीं, व तें थोडकें नाहीं. परंतु पुढील सुधारणेची पाळी शेपटापासून सुरू झाली पाहिजे. तोडणाऱ्या स्त्रीचें स्वतंत्र नांव, तिचें स्वतंत्र खातें, आणि टनामागें लेव्ही भरण्याची कायद्याची सक्ति, एवढ्या तीन गोष्टी झाल्या तरी पुष्कळ होईल. ह्याचा खर्च साखरेच्या किंमतींत किंचित् दिसेल. सकाळच्या चहांत साखरेचा चमचा घालणाऱ्या आम्हां मध्यमवर्गीय कुटुंबांनीं तो कुरकुर न करतां सोसावा. कारण त्या श्रमाचा लाभ घेणाऱ्यांच्या रांगेंत शेवटचे उभे आहों ते आपणच.